फुंकलं काय?

इंजिन आलं ते बैलगाडीतून. जालन्याहून दुसरबीडपर्यंत दोन मुक्काम पडले. तानुबाईच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं आणि उरलेलं अर्धं येत होतं. गाडीत कडब्याच्या गादीवर सहा सिलिंडरचं डिझेलचं इंजिन पडलेलं. काळंकुट्ट, तेलकट, अंगावर मातीची पुटं, जशी काही चिखलात लोळून आलेली म्हैस. उलटलेल्या कुठल्याशा ट्रकचं होतं ते, भंगारातून काढलेलं.

मुंबईचं राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

समोरच्या ओट्यावरून भगवानराव उतरून आले. दोन ट्रकांचे मालक, पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. तानुबाईच्या मेलेल्या नवऱ्याचे, पंजाबरावांचे, ते दोस्त म्हणवायचे. म्हणून तिला वैनी.

"काय वो वैनी," ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बैल ठेवा लागू नये म्हणून लोक ट्रक घेतात. तुमचं तं इंजिनच बैलावर बसून आलं!"

लोक हसले. तानुबाईनं हसू ओसरू दिलं.

"भाऊजी, नवरी माहेरून बैलगाडीतच येत असते. सासरी आल्यावर कोन कोनाले वढते, ते मंग दिसते."

आता लोक जास्त हसले.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. पंजाबरावांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ट्रक घेतला होता. दुसरबीडच्या रस्त्यावर कापूस वाहणारा पहिला ट्रक तो. त्या ट्रकवर घर उभं राहिलं, दोन पोरी नांदायला गेल्या, आणि पंजाबराव गेले तेव्हा मुलगा उत्तमराव त्याच सीटवर बसला. चैत्रात घाट चढताना तेलाची नळी तुटली. उत्तमरावांना कळेपर्यंत इंजिन धरलं, म्हणजे आतल्या आत चिकटून बसलं ते बसलंच. तेव्हापासून ट्रक लिंबाखाली उभा होता आणि सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. उत्तमरावांचं मन खचलं. एके दिवशी हॉटेलात चहा पिता पिता ते भगवानरावांना बोलून गेले की दसऱ्यापर्यंत ट्रक नाही चालला तर तुम्हीच घ्या. तानुबाईला हे कळलं ते परक्याच्या तोंडून. त्या दिवशी मुलाला भाकर वाढताना तिनं ताट जरा जोरात ठेवलं.

"बसवणार कुठी हे?" भगवानरावांनी विचारलं.

"उघडणार माह्या बैठकीत, बसवणार माह्या अंगनात."

"घरात कुठी इंजिन उघडतात काय वैनी? त्याले कारखाना लागते, यंत्र लागते."

"लेकरं काय दवाखान्यात झाली होती तुमची? घरातच झाली ना?" तानुबाईनं पदर खोचला. "ऐका भाऊजी, अन् समदे ऐका. दसऱ्याच्या दिवशी हा ट्रक बीबी गावाले जाऊन वापस येईन. नाही आला तं चाबी म्या माह्या हातानं तुमच्या हातावर ठेवीन. उत्तमची जबान तं तुम्ही घेतलीच, आता माहीबी घ्या."

 तानुबाईची जबान काय चीज आहे ते गावाला माहीत होतं. एकदा रागाच्या भरात ती म्हणाली होती की भावाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. बारा वर्षं भाऊ बिचारा उंबऱ्याबाहेर पाट मांडून तिला जेवू घालत होता.

मिस्त्री आणला देऊळगावराजाचा. माणिकराव त्याचं नाव. लढाईत लष्कराच्या कारखान्यात काम शिकलेला, बोलायला कमी, बिडी ओढायला जास्त. त्यानं बैठक पाहिली, दार पाहिलं, दाराबाहेरची धूळ पाहिली आणि मान हलवली.

"माय, जागा बेस हाये. पण माती लय. एक कण आत राह्यला ना, तं कण राह्यते अन् इंजिन जाते."

तानुबाईनं दुसऱ्या दिवशी बैठकीला फरशीवाल्याकडून आणलेल्या शहाबादी फाड्या अंथरल्या, दारा-खिडक्यांना जुनी नऊवारी लुगडी ओली करून टांगली आणि हुकूम काढला की पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही.

"देव्हारा हाये काय?" उत्तमराव कुरकुरले.

"देव्हारा असता तं तुले पाय धुऊनबी येऊ देल्लं नसतं."

तुळईला साखळी बांधून इंजिन उघडलं. एकेक भाग निघू लागला तशी तानुबाई जवळ बसून पाहू लागली. माणिकरावांनी सांगितलं की सहा पिस्टन सहा जागचे, एकाची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. तानुबाईला अक्षर ओळखायला वेळ लागायचा, पण माणूस ओळखायला नाही. तिला नणंदा सहा. तिनं सहा सुपं मांडली आणि सहा पिस्टनांना सहा नणंदांची नावं दिली. पहिलं सत्यभामाबाई, वजनदार आणि निवांत. चौथं एका बाजूनं घासलेलं, ते बनाबाई.

"तिलेच काऊन?" माणिकरावांनी विचारलं.

"तिचीच कायम तक्रार राहते."

महिनाभरात एकदाही पिस्टन अदलाबदल झालं नाही.

मग निघाली क्रँक. इंजिनाचा कणाच तो. मनगटाएवढा जाड, वाकड्या-तिकड्या गाठीगाठीचा, दोन माणसांनी उचलायचा. माणिकरावांनी तिच्या अंगावरची बारीक भोकं दाखवली.

"हे पाह्य माय. हे भोकं आतून तिरपे गेले हायेत, एका गाठीतून दुसऱ्या गाठीत. याच्यातून तेल फिरते. तुमचं जुनं इंजिन काऊन धरलं? तेल थांबलं म्हणून. बाकी काही विसरलं तं चालन, हे भोकं विसरून नाही चालत." त्यांनी सगळं रॉकेलनं धुवायला सांगितलं आणि नव्या रिंगा, नवी बेअरिंगं आणायला ते जालन्याला गेले.

ते गेले आणि दारात महालक्ष्म्या आल्या. भादव्यातला हा सण वऱ्हाडात घराची परीक्षाच असते. घरातलं पितळ-तांबं सगळं अंगणात निघतं आणि कुणाच्या घरचं किती चमकतं ते येणारी प्रत्येक बाई डोळ्यांनी मोजून जाते. दुसरबीडात तानुबाईच्या समईसारखी समई नव्हती. तिच्यात तोंड पाहून कुंकू लावावं. चिंचेचा कोळ, चुलीची चाळलेली राख आणि नारळाची शेंडी, एवढंच तिचं भांडवल.

भांडी घासून झाली तेव्हा तिची नजर बैठकीतल्या क्रँकवर पडली. उत्तमरावांनी ती रॉकेलनं धुऊन ठेवली होती. रंग होता जळक्या तव्याचा.

"ही धुतली?"

"हाव."

"तोंड पुसलं म्हणजे आंघोळ होत नसते बावा."

तिनं क्रँक अंगणात आणवली आणि चिंच-राख घेऊन बसली. सून कोकिळा कडेवर सहा महिन्यांची पोर घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मिस्त्री तं रॉकेल म्हणे."

"मिस्त्रीनं कधी समई घासली काय?"

कोकिळेनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. सासूसमोर गप्प बसायचं शहाणपण तिला उपजत होतं.

दुपारभर घासली. मग गरम पाण्यानं धुतली, भोकांची तोंडं ओल्या फडक्याच्या टोकानं एकेक पुसली, उन्हात वाळवली आणि करडीचं तेल चोपडून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवली. सणाला हळदीकुंकवाला आलेल्या बायका बैठकीत डोकावल्या. ओल्या लुगड्याआड, सुपं मांडलेली, पांढऱ्या कापडात काहीतरी झाकलेलं.

"वो माय, महालक्ष्म्या तं दोनच राहतात. ही तिसरी कोन बसवली?"

"तिसरी डिझल पिते," तानुबाई म्हणाली. "पुरनपोळी नाही खात."

माणिकराव आले, फडकं उघडलं आणि त्यांनी डोक्यावरची टोपीच काढली. अशी क्रँक त्यांनी लष्करातही पाहिली नव्हती. चांदीच्या वाळ्यासारखी झळकत होती.

"माय, तुम्ही पलटणीत असता तं सायबानं सलाम ठोकला असता." मग त्यांनी पेटीतून बारीक तार काढली. "भोकं साफ केली ना?"

"केली."

माणिकरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तार परत पेटीत ठेवली. तानुबाई 'केली' म्हणाली त्यावर तार घालून पाहायचं म्हणजे तिच्या जबानीला बोट लावायचं, आणि अजून महिनाभर त्यांना तिच्याच हातचं जेवायचं होतं.

"रॉकेलनं इतकी चमक येते हे आजच पाह्यलं," ते नुसतेच म्हणाले.

तानुबाईनं पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेली. राखेचं नाव तिनं काढलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि कौतुक ताटात वाढलेलं असताना त्यात मीठ कोण टाकतं?

मग खरं काम चाललं. बेअरिंगला निळा रंग लावून क्रँक फिरवायची, रंग पुसला गेला तिथं उंचवटा, तेवढाच खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा फिरवायची. तानुबाई दोन दिवस पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अवो, हे तं जात्याले टाकी लावणं हाये. आम्ही गेरू लावतो, तुम्ही नीळ लावता." माणिकराव हसले. दुसऱ्या दिवसापासून उंचवटा कुठं राहिला ते ती बोटाच्या शेंड्यानं सांगू लागली, आणि दहात नऊ वेळा बरोबर सांगायची. दहाव्या वेळी ती म्हणायची, नीळच खराब.

नवरात्र बसलं तेव्हा इंजिन जोडून बंद झालं. हिरवा रंग दिला. बैठकीच्या मधोमध ते असं बसलं होतं की बघणाऱ्यानं आधी पायच धुवावेत. सातव्या माळेला सकाळी ते ट्रकमध्ये उतरवायचं ठरलं. लिंबाखाली तीन बल्ल्यांची तिपाई उभी केली, साखळी टांगली, इंजिन बैठकीतून तिच्याखाली आणलं. गाव जमलं. भगवानरावांसाठी उत्तमरावांनी खुर्ची टाकली होती. माणसाचा खचलेला ताठा परत आला की तो पहिल्यांदा खुर्चीच टाकतो.

त्याच वेळी आत चुलीपाशी कोकिळा पोरीला दूध पाजत होती. पितळी बोंडलं होतं ते, लेकराच्या तोंडात तोटी धरून दूध पाजायचं. तोटी जेमतेम तुरीच्या काडीएवढी. तानुबाई शेजारी भाजी निवडत होती. तिला दिसलं की पोरीच्या ओठावरच्या पांढऱ्या दुधात एक करडी रेघ आली आहे.

"थांब! राखेनं घासलं काय बोंडलं?"

"हाव आत्याबाई. सनासुदीचं म्हणून..."

"सनासुदीचं! अक्कल गहाण ठेवली काय? बाहेरून चमकलं म्हणजे झालं? तोटीत राख जाते, आत बसते, ते काय तुह्या धुण्यानं निंघते? बाहेरून फडकं फिरवलं, तोंडं पुसली, अन् म्हणे साफ केलं! आतमधी राख जशीच्या तशी, अन् वरून दूध गेलं का सरळ लेकराच्या पोटा..."

इथं तानुबाईचं तोंड उघडंच राहिलं.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं वाक्य अर्ध्यात कधी तुटलं नव्हतं. कोकिळेनं मान वर केली.  पोरीचं तोंड पुसलं, आणि तिची नजर एकदाच, अगदी एकदाच, दारातून दिसणाऱ्या इंजिनाकडे गेली.

तानुबाईनं बोंडलं हातात घेतलं. तोटीला तोंड लावून फुंकलं. तळहातावर करड्या राखेची एवढीशी गोळी पडली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

ती गोळीकडे पाहत बसली. बाहेर साखळी वाजत होती, लोक हसत-बोलत होते. तिच्या डोक्यात एक तानुबाई म्हणत होती, क्रँक गरम पाण्यानं धुतली होती, राख, निघून गेली असेल. दुसरी म्हणत होती, चिंचेचा कोळ अन् करडीचं तेल, मढवल्यासारखी बसली असेल. पहिली म्हणाली, कोणाला माहीत आहे? कोकिळा बोलणार नाही. दसऱ्याला बीबीला जाऊन तर येईल ट्रक, एवढीच तर जबान आहे. पुढं दिवाळीत कधी इंजिन धरलं, तर लोक म्हणतील मिस्त्री कच्चा.

मिस्त्री कच्चा. तो माणूस तार हातात घेऊन उभा होता आणि तिच्या एका शब्दावर त्यानं ती पेटीत ठेवली होती. आणि घाटात सीटवर कोण असणार? उत्तम.

तानुबाई उठली. गोळी मुठीत धरून अंगणात आली. चार माणसं इंजिनाला साखळी अडकवत होती.

"माणिकराव, साखळी सोडा."

"काऊन माय?"

"इंजिन उघडायचं हाये."

तिपाईखालची माणसं साखळी हातात धरून वळली.

"तुम्ही मले विचारलं होतं, भोकं साफ केली काय. मी म्हणाली, केली. नव्हती केली. नुसती तोंडं पुसली होती." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात भाव सांगावा तसा खणखणीत. तिला हळू बोलता येतच नव्हतं. "रॉकेलनं नाही घासली म्या क्रँक. चिंच अन् राख लावून घासली. आतमधी राख हाये."

 मग भगवानराव हसायला लागले. असे हसले की खुर्ची हलायला लागली.

"वैनी, इंजिनाची आमटी करून राह्यल्या होत्या काय? चिंच तं टाकली, आता गूळबी टाका!"

"गूळ तुमच्यासाठी ठेवला हाये भाऊजी," तानुबाई म्हणाली. "दसऱ्याले लागन."

उत्तमरावांचा चेहरा उतरला. "आई, समदं बंद झालं वो! अन् तीनच दिवस राह्यले."

"तीन हायेत ना? मंग बोलण्यात काऊन घालवून राह्यला?"

माणिकरावांनी बिडी पायाखाली विझवली. "चूक माही हाये माय. तार हातात होती, म्या घातली नाही."

"तुमची कशी? तुम्ही माह्या तोंडाले भ्याले. अन् तोंडबी माहंच हाये. चला, पाय धुवा."

इंजिन परत बैठकीत नेलं आणि वरचं हेड तसंच ठेवून उताणं केलं. खालचं तेलाचं पात्र काढलं, बेअरिंगं सोडवली. भगवानराव घरी गेले नाहीत. असा तमाशा फुकट मिळतो कुठं? तेही पाय धुऊन आत आले आणि धोतर सावरून पुढं बसले. दुपार कलली तेव्हा क्रँक बाहेर आली, तशीच चांदीसारखी झळकत. आता त्या झळाळीकडे पाहून तानुबाईलाच शिसारी आली.

माणिकरावांनी भोकात तार घातली. करडा चिकट गाळ तारेला लागून आला. बसलेल्या लोकांनी "अरे राम" म्हटलं. तार फिरवली, रॉकेल ओतलं, पुन्हा तार. पण भोकं तिरपी, आत वळण, गाळ तारेनं बाजूला सरके पण निघेना.

"हवा लागते माय," माणिकराव म्हणाले. "कारखान्यात दाबाची हवा असते. एका फटक्यात निंघते. इथं..."

उत्तमरावांनी सायकलचा पंप आणला. तो बसेना. तानुबाई उठून आत गेली आणि चुलीपाशी टेकवलेली लोखंडी फुंकणी घेऊन आली. सासूनं दिलेली होती ती, तोंडाकडचं टोक इतकं गुळगुळीत झालेलं की आरसा.

"माय, तोंडानं नाही निंघत ते."

"पंचेचाळीस पावसाळे ओली पऱ्हाटी फुंकून पेटवली म्या. तुमच्या कारखान्यानं किती पावसाळे फुंकलं?"

फुंकणीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तिनं ते भोकावर दाबलं. शेजारचं भोक माणिकरावांनी अंगठ्यानं धरलं. तानुबाईनं गाल फुगवले आणि फुंकलं. पलीकडून रॉकेल आणि काळं पाणी फुर्रकन उडालं. माणिकरावांनी तार घालून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली. आरपार.

मग एकेक भोक. रॉकेल ओतायचं, तार फिरवायची, फुंकायचं. तिच्या तोंडात रॉकेलची चव, ओठ काळे, कपाळावरचं गोंदण घामानं चमकत होतं. कोकिळा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती. चौथ्या गाठीचं भोक काही निघेना. बनाबाईच्या खालचंच होतं ते, दुसरं कोण असणार? तीनदा फुंकलं, हवा परत येई. भगवानराव पार वाकून बघायला आले.

"राहू द्या वैनी. दम लागन."

तानुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, पोटातून वारा घेतला आणि फुंकलं. टप्पकन आवाज झाला आणि राखेची काळी गोळी निघून थेट भगवानरावांच्या पांढऱ्या धोतरावर बसली.

बैठक हसून हसून लोळली. उत्तमरावसुद्धा हसले, चैत्रानंतर पहिल्यांदा. माणिकरावांनी गोळी उचलली, तळहातावर घेऊन चोळली आणि त्यांचं हसू गेलं.

"माय, ही एवढीशीच गोळी. बीबीपर्यंतसुद्धा नसतं पोचू देल्लं हिनं."

 तानुबाईनं फुंकणी पुसली आणि पुढच्या भोकावर लावली.

आठव्या माळेला इंजिन पुन्हा जोडून बंद झालं, नवव्या माळेला ट्रकमध्ये उतरलं. दसऱ्याच्या सकाळी हार घालून, लिंबू ठेवून ट्रक बीबीच्या रस्त्याच्या उताराला लावला. बॅटरी मेलेली होती, म्हणून ढकलूनच चालू करायचा. वीस-पंचवीस माणसांनी खांदे लावले. तानुबाई आत बसली होती, उत्तमरावांच्या शेजारी. पंजाबरावांच्या हयातीत ती ट्रकमध्ये कधी बसली नव्हती. ते म्हणायचे, बाईमाणसानं कशाला, आणि ती म्हणायची, तुमच्यासारख्या डायवराजवळ तं मुळीच नाही.

ट्रक सरकला, वेग घेतला, उत्तमरावांनी क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, मागून काळा धूर, मग घुर्र घुर्र, आणि मग सहाही नणंदा एका सुरात बोलायला लागल्या. मागं लोक ओरडले. माणिकराव पायरीवर लटकून उभे होते. ते धुराकडे पाहत नव्हते, रस्त्याकडे पाहत नव्हते, फक्त काचेमागच्या तेलाच्या काट्याकडे पाहत होते. काटा थरथरला, उठला आणि जागेवर जाऊन ठाम उभा राहिला.

"चढला माय," ते म्हणाले. "तेल चढलं."

"चढणारच," तानुबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. धूर असेल.

बीबीला माणिकरावांनी इंजिनाला हात लावून पाहिला. गरम होतं, पण अंगात असावं तेवढंच. परत आले तेव्हा दुसरबीडच्या मोटारस्टँडवर भगवानराव नवं धोतर नेसून आपट्याची पानं घेऊन उभे होते. तानुबाई पायरी उतरून खाली आली. त्यांनी सोनं दिलं आणि हात पुढं धरून हसत म्हणाले, "वैनी, चाबी आणली काय?"

तानुबाईनं कमरेचा बटवा सोडला आणि त्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"चिंच मीच घातली होती भाऊजी. म्हणलं गूळबी आपणच द्यावा."

भगवानरावांनी खडा तोंडात टाकला. खरं सांगायचं तर त्यांनी तो मनापासून खाल्ला.

जाताना माणिकरावांनी फुंकणी मागितली. तानुबाईनं दिली नाही. "लोहाराजवळून करून घ्या. ही चुलीची हाये." त्यांनी करून घेतली. पुढं जालन्याकडचे मिस्त्री त्यांच्या पेटीतलं ते नळकांडं पाहून विचारायचे, हे काय? माणिकराव सांगायचे, दुसरबीडच्या एका बाईचं हत्यार आहे, आणि आपण वापरायला शिकलो ते तिच्या पाया पडून.

घरी मात्र तानुबाईच्या पाया कोणी पडलं नाही. गाडीतून उतरून ती सरळ चुलीपाशी आली. कोकिळा पोरीला मांडीवर घेऊन बोंडल्यात दूध ओतत होती. तानुबाईनं हात पुढं केला.

"आण इकडं."

"धुतलं हाये आत्याबाई. राखेनं नाही, नुसत्या पान्यानं."

"धुतलं असशीन. फुंकलं काय?"

कोकिळेनं एकवार सासूकडे पाहिलं. मग दूध वाटीत परत ओतलं, तोटीला ओठ लावले आणि फुंकलं. सणसणीत, आरपार.

"हाव," ती म्हणाली. "आता फुंकलं."

तानुबाईनं मान हलवली. तिच्या घरात याहून मोठं कौतुक नव्हतं.